रेड धडधाकट, मशीन ठप्प: बचावाचे तीन पेनड्राइव्ह

आधी निकाल सांगून टाकते. लिनक्सचं मशीन सॉफ्टवेअर रेडवरून, म्हणजे दोन डिस्कवर तोच मजकूर ठेवणाऱ्या जोडीवरून, उठेनासं झालं असेल, तर दुरुस्तीला डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमधला रेस्क्यू मोड सगळ्यांत सोपा. आत नेमकं काय झालंय ते बघायचं असेल, फाइली सुखरूप बाहेर काढायच्या असतील, तर सिस्टमरेस्क्यू. आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे, मशीन आत्ताच्या आत्ता चालू व्हायला हवं, अशी वेळ असेल तर सुपर ग्रब टू डिस्क. तिन्ही फुकट आहेत, तिन्ही मी स्वतः चालवून पाहिलीत, आणि तिन्हींबद्दल माझ्या तक्रारीही आहेत.

इंदूरला रामबागेत आमचं अक्षरजुळणीचं छोटं ऑफिस आहे. लग्नामुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. जुनी गिऱ्हाइकं "मागच्या वेळची तीच मॅटर, फक्त तारीख बदला" असं फोनवर सांगतात आणि ती मॅटर वीस वर्षांपूर्वीची, पेजमेकरमधली, श्रीलिपीत टाइप केलेली असते. हा सगळा ऐवज टेबलाखालच्या एका असेंबल केलेल्या मशीनवर आहे. मशीनचं नाव मल्हार. होळकरांच्या गावात दुसरं काय ठेवणार. त्यावर डेबियन १२, दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क, त्यांचं रेड १, म्हणजे एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवर. ऑपरेटरांची विंडोजची मशीनं सांबातून, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, त्यावरच काम करतात.

ऐन श्रावणात, पावतीपुस्तकांची घाई चालू असताना रात्रीतून वीज दोनदा आली-गेली. सकाळी मल्हार चालू केला तर काळ्या पडद्यावर मदरबोर्डची एकच ओळ: बूट होण्याजोगं काही सापडत नाही. खालून एका डिस्कची टक, टक, टक. जिला हार्ड डिस्कचा अनुभव आहे तिला तो आवाज काय सांगतो ते कळतं.

आमच्याकडे पूर्वीपासून येणाऱ्या तंत्रज्ञाला फोन केला. तो आला, व्हिजिटचे पैसे घेतले, पाच मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाभीजी, ये रेड-वेड के चक्कर में पड़ो मत. दोनों डिस्क फॉर्मेट मारके विंडोज डाल देता हूँ, शाम तक चालू." मी म्हटलं, भिया, एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं आहे, रेड त्यासाठीच तर लावलं होतं ना? तर म्हणे, "चालू ही नहीं हो रहा तो डेटा कहाँ से होगा?" याच गैरसमजापोटी किती ऑफिसांच्या चांगल्या डिस्क पुसल्या गेल्या असतील, देव जाणे.

खरी गोष्ट अशी. मिरर होतं ते पार्टिशनचं, अख्ख्या डिस्कचं नव्हे. मशीन चालू झालं की बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमधला छोटा प्रोग्रॅम उचलतो. तो ग्रबचा, म्हणजे लिनक्स उठवणाऱ्या प्रोग्रॅमचा, पुढचा भाग शोधतो. जीपीटी या नव्या पद्धतीचा पार्टिशन-तक्ता असलेल्या डिस्कवर तो भाग एका वेगळ्या, साधारण एक एमबीच्या पार्टिशनमध्ये असतो. तिथून ग्रब रेड ओळखतो, त्यातून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वाचतो, आणि मग लिनक्स उठतं. या साखळीतल्या पहिल्या दोन कड्या मिररच्या बाहेर आहेत. आणि डेबियन बसवताना इन्स्टॉलर एकच प्रश्न विचारतो: ग्रब कुठल्या डिस्कवर टाकू? बसवणारा पहिली डिस्क निवडतो आणि पुढे जातो. म्हणजे जुळ्या माड्या बांधल्या, सामान दोन्हींत सारखं ठेवलं, पण जिना एकाच बाजूला. आमची नेमकी जिन्याकडची बाजू पडली. दुसरीकडचं सामान जागच्या जागी होतं.

हे कळलं की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी घालवायला डोळ्यांनी बघावं लागतं, आणि तिथे सिस्टमरेस्क्यू कामाला आलं.

पेनड्राइव्हकडे वळण्याआधी एक काम. आजारी डिस्क जोडलेली ठेवून कुठलाच बचाव-पेनड्राइव्ह लावू नका. कर्नल तिच्याशी बोलायला जातो, ती उत्तर देत नाही, मग लिंक रीसेट, परत प्रयत्न, परत रीसेट, आणि तुम्ही पडद्यावरच्या लाल ओळी बघत बसता. पण केबल काढायची ती नेमकी कुठल्या डिस्कची? आमच्या दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकावर एक बसवलेल्या, वर धुळीचा थर. मी मोबाइलचा टॉर्च लावून, ओल्या बोटानं लेबलावरची धूळ पुसून दोघींचे सिरियल नंबर वहीत उतरवले. मग एकेकीवर बोट ठेवून बघितलं. टकटक करणारी बोटाला जाणवते. तिची सॅटा केबल आणि पॉवर दोन्ही काढले, आणि तिच्या कडेवर नेलपॉलिशनं एक ठिपका दिला. मार्कर धुळीत पुसला जातो, नेलपॉलिश जात नाही. माझे दीर बाजूला उभे होते. "वहिनी, चुकून चांगलीवर ठिपका नाही ना दिला?" मी वही पुढे केली.

सिस्टमरेस्क्यूच्या नावात पूर्वी सीडी हा शब्दही होता. आता सीडीच उरल्या नाहीत म्हणून तो गळला. आधी हे जेंटू या लिनक्सवर उभं होतं, २०१९ पासून आर्च लिनक्सवर आहे. फाइल साधारण एक जीबीची, त्यामुळे कुठल्याही पेनड्राइव्हवर मावते. मेनूत दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय सगळं मेमरीत उतरवून घेण्याचा आहे. मशीनला मेमरी पुरेशी असेल तर तोच घ्या. पेनड्राइव्ह काढून घेता येतो आणि यूएसबीची जागा बाहेरच्या डिस्कसाठी मोकळी होते.

चालू झालं की समोर येतो काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. घाबरायचं नाही. स्टार्टएक्स लिहिलं की एक्सएफसीईचा डेस्कटॉप येतो, पण मी काळ्या पडद्यावरच राहिले, कारण मला हवं होतं ते एका ओळीत मिळत होतं. रेडची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट नावाची फाइल उघडली. तिथे आमचा ॲरे, म्हणजे रेडमधली डिस्कांची जोडी, होता, आणि पुढे कंसात: दोनपैकी एक. त्याच्याही पुढे चौकटी कंसात एक यू आणि एक रिकामी रेघ. यू म्हणजे ही डिस्क ठीक, रेघ म्हणजे इथली जागा रिकामी. त्या एका यूनं माझा जीव भांड्यात पडला.

दोन गोष्टींनी नवखा माणूस इथे गोंधळेल. पहिली, घरी ज्याचं नाव एमडी शून्य होतं ते इथे एमडी एकशे सत्तावीस म्हणून दिसतं. काही बिघडलेलं नाही. परक्या मशीनचा ॲरे समोर आला की लिनक्स असाच वरचा नंबर देतं. तपशील मागितला की खरं नाव दिसतं, आमच्याकडे ते "मल्हार:०" असं आलं. दुसरी गोष्ट, कधी कधी ॲरे "निष्क्रिय" दिसतो. डिस्क अचानक गेलेली असते, उरलेल्या डिस्कच्या नोंदीत जोडीदार अजून जिवंत असतो, म्हणून लिनक्स त्याची वाट बघत थांबतं. त्याला एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या आज्ञेच्या रन या पर्यायानं सांगावं लागतं की जोडीदार येणार नाही, एकट्यानंच चालू हो. इथे नेटवरचं काहीतरी वाचून क्रिएट हा पर्याय मात्र वापरू नका. रन आहे ते उघडतं. क्रिएट नवीन नोंदी लिहितं, आणि त्या जुन्यांशी जुळल्या नाहीत तर मॅटर गेली म्हणून समजा.

सिस्टमरेस्क्यूबद्दल मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच की ते आपणहून फारसं काही करत नाही. ॲरे उचललेला असतो, पण पहिलं लिखाण होईपर्यंत तो फक्त वाचण्यापुरता धरलेला असतो. पुढचं सगळं तुम्ही सांगाल तेवढंच. मी फाइलसिस्टम फक्त वाचण्यासाठी जोडली. यातही एक खाच आहे: वीज अचानक गेलेली असेल तर ईएक्सटी-फोर ही लिनक्सची फाइलसिस्टम फक्त-वाचा म्हणूनही जोडताना जर्नलमधलं, म्हणजे तिच्या नोंदवहीतलं, अर्धवट काम आधी पुरं करून टाकते, म्हणजे लिहितेच. ते नको असेल तर नो-लोड हा पर्याय द्यावा लागतो. एकुलती एक चांगली डिस्क हातात असताना मी तो दिला.

मग स्मार्टसीटीएलनं त्या डिस्कची तब्येत बघितली. लांबलचक तक्ता येतो. त्यात पाच नंबरची ओळ, म्हणजे बदललेले सेक्टर, आणि एकशे सत्त्याण्णव नंबरची, म्हणजे वाचता न येणारे, बदलीच्या रांगेतले सेक्टर, या दोन मी आधी बघते. दोन्हींत शून्य होतं. ते शून्य नसतं तर नुसत्या कॉपीच्या भानगडीत न पडता आधी डीडीरेस्क्यूनं अख्ख्या डिस्कची प्रत काढावी लागली असती. तेही याच पेनड्राइव्हवर आहे, टेस्टडिस्क आणि एफएसआर्काइव्हरही आहेत.

कॉपी करताना एक गंमत. आमच्या फोल्डरांची नावं मराठीत आहेत, आणि लिनक्सच्या काळ्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही. यादी मागितली तर ओळीच्या ओळी नुसते चौकोन. दिरांच्या तोंडचं पाणी पळालं, त्यांना वाटलं फाइली नासल्या. नासलेल्या नव्हत्या. नाव दिसलं नाही तरी फाइल जशीच्या तशी जाते, आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवून विंडोजवर उघडलं की "स्मरणिका" स्मरणिकाच असते. मी ऑपरेटरला पावतीपुस्तकाची फाइल त्याच दुपारी काढून दिली. मल्हार बंद, पण काम चालू.

आता तक्रारी. सिस्टमरेस्क्यूतून दुरुस्ती करायची म्हणजे आपल्या डेबियनच्या आत शिरून ग्रब बसवायचा. आर्च-च्रूट या आज्ञेनं आत शिरता येतं, डेव्ह, प्रॉक, सिस वगैरे तीच जोडून देते, तेवढं सोपं. पण आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल लिहिलं तर उत्तर: अशी आज्ञाच नाही. अपडेट-इनिट्रॅमएफएस (बूट होताना लागणारी इनिट्रॅमएफएस ही छोटी फाइल बांधणारी आज्ञा) लिहिलं, तेच उत्तर. आता डेबियनवर ग्रब नाही असं कसं होईल? कारण साधं आहे. आर्चमध्ये सगळे प्रोग्रॅम बिन या एकाच कपाटात असतात, म्हणून तिथून निघालेली शोधयादी एसबिन या दुसऱ्या कपाटात डोकावतच नाही. आणि डेबियनची ही सगळी हत्यारं एसबिनमध्ये. आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहिला, किंवा शोधयादीत एसबिन जोडलं, की चालतं. मला हे शोधायला वेळ लागला, आणि ज्याला लिनक्सची सवय नाही तो इथेच हात टेकेल. भर म्हणून, सगळी माहिती इंग्रजीत. आणि दुसऱ्या मशीनवरून एसएसएचनं आत यायचं म्हटलं तर पासवर्ड तर ठेवावा लागतोच, वर त्याची फायरवॉलही आधीपासून बंद दार करून बसलेली असते. ती उघडायला बूट होतानाच नोफायरवॉल लिहावं लागतं.

तरी मल्हार उठला तो याच रस्त्यानं. उरलेल्या डिस्कवर ग्रब बसवला, इनिट्रॅमएफएस नव्यानं बांधली, पेनड्राइव्ह काढला, चालू केला. ग्रबचा निळा मेनू आला.

इथे एक नीट लक्षात ठेवा. डिस्क काढली की लिनक्सनं डिस्कांना दिलेली नावं सरकतात. काल जी एसडीबी होती ती आज एसडीए होते, आणि पेनड्राइव्ह उरलेल्या अक्षरावर जाऊन बसतो. ग्रब चुकून पेनड्राइव्हवर बसवून "झालं झालं" म्हणणारे लोक असतात. अक्षरावर विश्वास न ठेवता प्रत्येक वेळी डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेमध्ये सिरियलचा रकाना मागवा आणि वहीतल्या नंबराशी ताडून बघा.

काम भागलं, पण मला स्वस्थ बसवेना. अडगळीत एक जुना कॅबिनेट होता, पाचशे जीबीच्या दोन डिस्क होत्या. त्यावर मुद्दाम तसंच डेबियन बसवलं, रेड १ केलं, ग्रब एकाच डिस्कवर ठेवला, आणि तीच डिस्क काढून टाकली. हुबेहूब मल्हारचा आजार. त्यावर बाकीचे दोन पेनड्राइव्ह लावून बघितले.

सुपर ग्रब टू डिस्क अगदी चिमुकलं आहे, काही एमबीचा मामला. हे स्वतः लिनक्स नाही, नुसता ग्रब आहे, पण शोधक नजरेचा. पहिल्या पर्यायावर एंटर मारलं की डिस्कांवर बूट होण्यासारखं काय काय आहे ते हुडकतं. आमच्या कॅबिनेटवर पहिल्या फेरीत त्याला काही सापडलं नाही, कारण रेडचा आधार सुरुवातीला बंद असतो. जादा सुविधांच्या मेनूत जाऊन रेड आणि एलव्हीएम चालू करायचं, मग पुन्हा शोधायला लावायचं. दुसऱ्या फेरीत डेबियनचे कर्नल ओळीनं हजर. एक निवडला. पडदा काही वेळ गप्प. हे अर्ध्या मिनिटाचं मौन ओळखून ठेवा: इनिट्रॅमएफएस जोडीदार डिस्कची वाट बघते, ती येत नाही अशी खात्री झाली की एकटीवर ॲरे चालू करते. या वेळात अस्वस्थ होऊन पॉवरचं बटण दाबू नये. नंतर नेहमीसारखं लॉगिन आलं.

याचा फायदा हा की तुम्ही स्वतःच्या चालू डेबियनमध्ये असता. च्रूट नाही, एसबिनची कटकट नाही, सगळी हत्यारं जागच्या जागी. ग्रब बसवायची आज्ञा द्या, विषय संपला. पण उपयोग इथपर्यंतच. यानं डिस्कची तब्येत कळत नाही, फाइली कॉपी करता येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे उरलेली डिस्क चांगली आहे याची खात्री नसताना थेट तिच्यावरून अख्खी यंत्रणा चालू करणं मला धाडसाचं वाटतं. मेनूची भाषाही अशी की ज्याला ग्रब म्हणजे काय ते ठाऊक आहे त्यालाच समजावी.

तिसरा पेनड्राइव्ह डेबियनचा नेटइन्स्ट, तोच ज्यानं डेबियन बसवतात. बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये तो पडलेला असतो आणि यात डॉक्टर बसलाय हे माहीतच नसतं. बूट झाल्यावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जायचं, तिथे रेस्क्यू मोड. सुरुवातीचे प्रश्न इन्स्टॉल करताना असतात तेच: भाषा, देश, कीबोर्ड, मशीनचं नाव. म्हणून माणूस दचकतो, हे आपलं डेबियन पुसून नवीन तर टाकत नाही ना? वरच्या कोपऱ्यात रेस्क्यू हा शब्द आहे की नाही ते बघा. असेल तर काही पुसलं जाणार नाही. ग्राफिकल रेस्क्यू निवडलं तर भाषांच्या यादीत मराठीही आहे. मी इंग्रजीच ठेवली, कारण चुकीचा संदेश आला तर तो नेटवर जसाच्या तसा शोधता यायला हवा. पण दिरांसारख्या माणसाला मराठी मेनू पुढे असला की धीर येतो.

पुढे तो विचारतो, तुमची मूळ फाइलसिस्टम कुठे आहे? त्या यादीतच "रेड ॲरे जोडा" असा पर्याय आहे. तो दिला, ॲरे समोर आला, निवडला. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही तोच विचारून जोडतो. आणि मग येतो तो मेनू ज्यासाठी मी याला पहिला नंबर देते: ग्रब पुन्हा बसवा. कुठे, म्हणून विचारतो, डिस्कचं नाव लिहायचं, एंटर. ना आर्च, ना एसबिन, ना जोडाजोड. डेबियनच्या हत्यारांनी डेबियनची दुरुस्ती, म्हणून काही अडत नाही. इनिट्रॅमएफएस बांधायची असेल तर त्याच मेनूत आपल्या फाइलसिस्टमच्या आत शेल उघडायची सोय आहे.

उणं इतकंच की बघायला फार काही नाही. स्मार्टचा तक्ता हवा असेल तर तुमच्या डेबियनमध्ये ते पॅकेज आधीपासून असायला हवं. फाइली बाहेर काढणं शेलमधून जमतं, पण सोयीचं नाही. आणि सुरुवातीला नेटवर्क शोधण्यात जो वेळ घालवतो तो उगाच.

नवीन डिस्क मी आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून आणली. तिथल्या दुकानदाराचं मात्र कौतुक. मी नुसतं "दोन टीबी द्या" म्हटलं तर त्यानं उलट विचारलं, रेडला लावणार का, जुनीचे सेक्टर किती आहेत ते बघून आलात का? दोन टीबी लिहिलेली प्रत्येक डिस्क नेमकी तेवढीच असेल असं नाही, आणि नवी डिस्क एका सेक्टरनंही लहान निघाली तर पार्टिशन जसंच्या तसं मावत नाही. माझ्या वहीत आकडा होता. त्यानं दुकानातल्या मशीनला लावून आकडा ताडून दाखवला, मगच बिल केलं.

डिस्क बसवल्यावर चांगल्या डिस्कचा पार्टिशन-तक्ता नवीवर उतरवायचा असतो. एसजीडिस्क हे काम एका ओळीत करतं, पण त्यात आधी लिहायची ती नवी डिस्क आणि नंतर जुनी. उलटं झालं तर कोरा तक्ता चांगल्या डिस्कवर. ती ओळ मी दिरांना मोठ्यानं वाचायला लावली आणि सिरियल मी वहीतून म्हटले, तेव्हाच एंटर दाबलं. त्यानंतर नव्या डिस्कला नवे ओळखक्रमांक द्यायचे आणि तिचं पार्टिशन ॲरेत घालायचं. एमडीस्टॅटमध्ये टक्के सरकू लागतात, शेजारी किती मिनिटं उरली ते दिसतं. दोन टीबीला दुपार जाते. या वेळात ऑफिसचं काम चालू ठेवता येतं, फक्त जरा हळू चालतं.

दोन्ही यू दिसेपर्यंत कसलीही केबल काढायची नाही. ते दिसल्यावर मात्र मुद्दाम काढायची: ग्रब दोन्ही डिस्कवर बसवून, मशीन बंद करून, एकदा वरची डिस्क सुटी करून चालू करून बघायचं. खालची सोडवून बघण्याआधी वरची परत ॲरेत घालून पुन्हा सगळं जुळू द्यायचं. वेळखाऊ आहे, पण रेड लावून देणाऱ्यांनी हे केल्याशिवाय बिल देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डेबियनवर ग्रब-पीसी पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करायला घेतलं की डिस्कांची यादी येते. दोन्हींवर खूण केली की पुढच्या अपडेटमध्ये ग्रब दोन्हीकडे आपोआप जातो. एमडीएडीएमच्या फाइलीत ईमेलचा पत्ताही घाला. डिस्क गेली की तो निरोप धाडतोच, पण पत्ता नसेल तर निरोप मशीनमधल्याच रूटच्या टपालपेटीत पडून राहतो आणि ती पेटी कोणी उघडत नाही.

ज्यांचं मशीन नव्या धाटणीचं, म्हणजे बायोसऐवजी यूईएफआय फर्मवेअरचं आहे, त्यांचा आजार थोडा वेगळा. तिथे पहिला सेक्टर नाही, एक फॅट पार्टिशन असतं आणि फर्मवेअर तेच वाचतं. तेही मिररच्या बाहेर, तेही बहुधा एकाच डिस्कवर भरलेलं. काही जण त्याचंही रेड करतात, नोंदी पार्टिशनच्या शेवटी ठेवून, म्हणजे फर्मवेअरला ते साधं फॅट वाटतं. पण फर्मवेअरनं एका प्रतीवर परस्पर काही लिहिलं की दोन प्रती वेगळ्या होतात आणि रेडला त्याचा पत्ता नसतो. त्यापेक्षा दोन्ही डिस्कवर दोन वेगळी फॅट पार्टिशनं ठेवून मजकूर कॉपी करणं आणि ईएफआयबूटएमजीआरनं दुसरीची नोंद फर्मवेअरमध्ये घालणं बरं. दिरांच्या घरच्या मशीनवर मी तसंच केलं. डेबियनच्या रेस्क्यूमध्ये यासाठी आणखी एक पर्याय आहे, ग्रब काढत्या-घालत्या माध्यमांच्या ठरलेल्या जागी बसवण्याचा. फर्मवेअर नोंदी विसरला तरी ती जागा तो बघतोच. आणि सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच यंत्रणा उठू देणारी अट, चालू असेल तर डेबियनचा पेनड्राइव्ह तसाच उठतो, सिस्टमरेस्क्यूसाठी मात्र आधी सेटअपमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं.